हिवाळ्यातील निसरड्या रस्त्यांसाठी टायरची निवड आणि हवेचा दाब : ग्वाल्हेरकरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

थंडी सुरू झाली की ग्वाल्हेरमधील अनेक गाडीमालक दोन कामे उलट्या क्रमाने करतात. दुकानदाराने सुचवलेले टायर ते आधी विकत घेतात आणि ते कोणत्या रस्त्यावर चालणार आहेत याचा विचार नंतर करतात. तसेच दिवसभर फिरून तापलेल्या टायरमध्ये संध्याकाळी पेट्रोल पंपावर हवा भरून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात मुरैन्याच्या दिशेने निघतात. पहिल्या चुकीत पैसे वाया जातात. दुसरी चूक दिसत नाही, कारण आदल्या संध्याकाळी मापकाने अगदी बरोबर आकडा दाखवलेला असतो. म्हणून येथे रस्ता, टायर आणि हवा असा क्रम ठेवला आहे आणि तो बदलू नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

टप्पा १ : आपला रस्ता नेमका कशामुळे निसरडा होतो, हे ठरवा

ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात बर्फ पडत नाही, तरीही रस्ते निसरडे होतात. डिसेंबर-जानेवारीत कित्येक पहाटे तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते, दाट धुके पडते आणि डांबरावर दवाचा पातळ थर बसतो. त्या थराखाली दिवसभराची धूळ, ट्रकमधून ठिबकलेले डिझेल आणि झिजलेल्या टायरांचा रबर असतो. जोराचा पाऊस हे सारे धुऊन नेतो. दव मात्र ते फक्त भिजवते. त्यामुळे दवाने ओला झालेला रस्ता काही वेळा भर पावसातल्या रस्त्यापेक्षा अधिक घसरडा असतो, आणि ओला दिसत नसल्याने चालक सावधही होत नाही. मावठ्याच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतही हेच घडते.

आग्र्याकडे जाताना चंबळच्या पुलावर, वाळूच्या ट्रॉलींमागे सांडलेल्या वाळूवर, सिंचनाचे पाणी रस्त्यावर आलेल्या शेतांजवळ, रेल्वे फाटकाच्या रुळांवर आणि पांढऱ्या-पिवळ्या रंगाच्या जाड पट्ट्यांवर टायरची पकड सर्वांत आधी सुटते.

दुसरा रस्ता डोंगरातला. नाताळच्या सुट्टीत किंवा जानेवारीत शिमला, नारकंडा, मनाली, मसुरी या बाजूला स्वतःच्या गाडीने जाणारी मराठी कुटुंबे ग्वाल्हेरच्या लष्कर आणि मुरार या भागांत बरीच आहेत. तिथे ताजा बर्फ, गाड्यांखाली दबून घट्ट झालेला बर्फ आणि डांबरावरचा पारदर्शक बर्फ अशा तीन वेगवेगळ्या परिस्थिती भेटतात. पारदर्शक बर्फ सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर धरतो आणि दुरून फक्त ओलसर डांबरासारखा दिसतो.

*पडताळणी :* पुढच्या तीन महिन्यांत गाडी किती दिवस मैदानात आणि किती दिवस बर्फात चालणार आहे, हे कागदावर लिहा. बर्फातले दिवस चार-पाचच असतील तर खास बर्फाचे टायर घेण्याचे कारण उरत नाही. ते का, हे टप्पा ३ मध्ये येईल.

टप्पा २ : आहेत ते टायर आधी तपासा

नवे टायर घेण्यापूर्वी जुन्यांची पूर्ण तपासणी करावी, कारण पुष्कळदा टायर चांगले असतात आणि दोष हवेत किंवा अलाइनमेंटमध्ये, म्हणजे चाकांच्या दिशेच्या जुळणीत, असतो. उन्हात, सपाट जागी गाडी उभी करून खालील क्रमाने पाहावे.

१. खाचांची खोली. टायरच्या मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे मोटारीच्या टायरचे आयुष्य संपले. ही शेवटची मर्यादा आहे. हिवाळ्यासाठी ती पुरेशी नाही. दवाच्या आणि मावठ्याच्या रस्त्यासाठी किमान ३ मिलिमीटर आणि बर्फाच्या रस्त्यासाठी किमान ४ मिलिमीटर खोली असावी, असे माझे ठाम मत आहे. ऑस्ट्रियाच्या कायद्यानुसार ४ मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा रेडियल टायर हिवाळी टायर म्हणून धरलाच जात नाही. खोली मोजण्याचे साधे मापक स्वस्त मिळते. प्रत्येक टायर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला अशा तीन ठिकाणी मोजावा.

२. झिजण्याची तऱ्हा. फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा बराच काळ जास्त राहिली आहे. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी राहिली आहे. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे आणि ती दुरुस्त न करता नवे टायर बसवले तर तेही तसेच झिजतील.

३. वय. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. ही ओळ काही टायरांवर फक्त आतल्या बाजूला पूर्ण असते, तेव्हा गाडीखाली वाकून पाहावे लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टायरचे रबर लवकर कडक होते, म्हणून पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि नक्षी कितीही शाबूत दिसली तरी दहा वर्षांपुढचा टायर वापरू नये.

४. भेगा, फुगवटे, पंक्चर. बाजूला फुगवटा असेल तर आतले धागे तुटले आहेत. तो टायर त्याच दिवशी बदलावा. पंक्चरची दुरुस्ती फक्त मधल्या नक्षीच्या भागात चालते, खांद्यावर किंवा बाजूला केलेली दुरुस्ती लांबच्या प्रवासासाठी विश्वासाची नाही.

५. स्टेपनी. हीच तपासणी तिलाही लागू आहे, आणि बहुतेक गाड्यांत नेमकी तीच वर्षानुवर्षे कुणी पाहिलेली नसते.

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सची सवलत मिळते त्या वर्षी अनेकजण नवी गाडी तिथूनच घेतात. गाडी नवी असली तरी टायरची तारीख पाहावी, आणि ताबा घेताना हवाही तपासून घ्यावी. वाहतुकीत आणि साठवणीत टायर चपटे होऊ नयेत म्हणून त्यांत हवा जास्त ठेवलेली असते आणि ताबा देताना ती कमी करायची कधी कधी राहून जाते.

टप्पा ३ : टायर निवडा

साध्या टायरचे रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊ लागते आणि त्याची पकड घटते. हिवाळी टायरच्या रबरात सिलिकाचे प्रमाण जास्त असते, म्हणून तो थंडीतही मऊ राहतो. शिवाय त्याच्या नक्षीवर असंख्य बारीक चिरा असतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. मग ग्वाल्हेरमध्ये पहाटे पाच अंश असताना तोच टायर का घेऊ नये? कारण इथली थंडी सूर्योदयाच्या आसपासच्या काही तासांपुरती असते. दुपारी पारा वीस-पंचविसावर जातो आणि मार्चनंतर तर विचारायलाच नको. उबदार, कोरड्या डांबरावर हिवाळी टायर लवकर झिजतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. वर्षातले बहुतेक दिवस जिथे जातात तिथला टायर निवडायचा असतो.

माझा निवाडा असा आहे. ज्यांची गाडी ग्वाल्हेर, झाशी, शिवपुरी, आग्रा आणि दिल्ली एवढ्यातच फिरते, त्यांनी ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे साधे किंवा सर्वऋतू टायर घ्यावेत आणि खाचांच्या खोलीकडे लक्ष ठेवावे. जे वर्षातून एकदा चार दिवसांसाठी बर्फात जातात, त्यांनी तेच टायर ठेवून बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या सोबत घ्याव्यात, किंवा शेवटच्या टप्प्यासाठी स्थानिक चालकाची गाडी करावी. ज्यांची नोकरी किंवा व्यवसाय संपूर्ण हिवाळा डोंगरात आहे, त्यांनीच चार हिवाळी टायरांचा संच घ्यावा. मैदानी शहरांतील दुकानांत ते सहसा तयार मिळत नाहीत, त्यामुळे मागणी बरीच आधी नोंदवावी लागते.

खूण पाहिल्याशिवाय दुकानदाराच्या शब्दावर टायर घेऊ नये. ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे चिखल आणि बर्फ यांसाठी असतात, पण ती उत्पादक स्वतःच लिहितो आणि त्यासाठी बर्फावरची चाचणी सक्तीची नाही. तीन शिखरांच्या डोंगराच्या चित्रात हिमकण असलेली खूण मात्र बर्फावरची ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. आपल्याकडे एसयूव्हीला बसवलेल्या अनेक टायरांवर फक्त पहिली खूण असते आणि तेवढ्यावर मालक निर्धास्त होतात. जर्मनीत २०१८ पासून बनणाऱ्या टायरांसाठी डोंगर-हिमकणाची खूण नसेल तर तो टायर हिवाळी म्हणून मानला जात नाही.

आता माप. समजा टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. १८५ म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या तुलनेत बाजूच्या उंचीची टक्केवारी, १५ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. ८८ हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ प्रति टायर ५६० किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. भाराचा निर्देशांक कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. वेगाचे अक्षर हिवाळी टायरच्या बाबतीत खालचे चालते. त्यांतल्या अनेकांवर क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर असते, आणि बर्फात तेवढा वेग कुणाला हवा आहे?

*सावधान :* रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज बर्फात उलटा ठरतो. अरुंद टायर मऊ बर्फ कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो, रुंद टायर बर्फावर चढून तरंगतो. साचलेल्या पाण्यावरही रुंद टायर लवकर उचलला जातो. दिसण्यासाठी टायरचे माप वाढवलेली गाडी हिवाळ्यात डोंगरात नेऊ नये.

बसवताना पाळायचा क्रम असा ठेवावा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्यावेत. ते जमत नसेल आणि दोनच नवे घेत असाल तर नवे टायर मागच्या चाकांना लावावेत, गाडीला पुढून ताकद मिळत असली तरीही. येथे जवळजवळ प्रत्येक दुकानात वाद होतो, कारण नवे पुढे लावण्याची सवय जुनी आहे. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केल्यावर बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. यानंतर नवे व्हॉल्व्ह, मग बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. दिशेचा बाण असलेले टायर बाणाप्रमाणे आणि ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर ठेवून बसले आहेत ना, हे दुकानातच पाहावे. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले २००-३०० किलोमीटर सपाट, कोरड्या रस्त्यावर बेताने चालवावी. डोंगरात निघण्याच्या आदल्या दिवशी टायर बदलणे म्हणूनच चुकीचे आहे. ५०-१०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत.

टप्पा ४ : हवा

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

लागणारे साहित्य : स्वतःचे हवा मोजण्याचे मापक, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप किंवा पायाने चालवायचा पंप, साबणाचे पाणी आणि वही. पेट्रोल पंपावरची यंत्रे दिवसभर अनेक हातांतून जातात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे स्वतःचे मापक असलेच पाहिजे.

आकडा कुठला? चालकाचा दरवाजा उघडल्यावर खांबावर किंवा दाराच्या कडेला जे लेबल दिसते, त्यावरचा. टायरच्या बाजूवर ‘मॅक्स’ असे लिहून दिलेला ४४ किंवा ५१ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड दाब) हा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते. लेबलवर पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे आकडे असू शकतात, आणि दोन माणसांसाठी एक व पाच माणसे अधिक सामान यांसाठी दुसरा स्तंभ असतो. सहकुटुंब प्रवासाला दुसरा स्तंभ लागू होतो. आकडे किलोपास्कलमध्ये असतील तर १०० किलोपास्कल म्हणजे १४.५ पीएसआय, २३० किलोपास्कल म्हणजे सुमारे ३३ पीएसआय, टायरवाल्याच्या भाषेत ३३ पाउंड.

लेबलवरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा त्यानंतर फार तर दोन किलोमीटर हळू चालली असेल, तरच टायर थंड मानावा. उन्हात उभ्या गाडीच्या ऊन लागणाऱ्या बाजूचे टायर थंड नसतात.

आता हिशेब पाहा. बंद हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो, आणि मोटारीच्या टायरमध्ये साधारण दर ५-६ अंशांना १ पीएसआय इतका फरक पडतो. समजा लेबलवर ३३ आहे. दुपारी झाशी रस्त्यावरून येऊन आपण पंपावर थांबलात, टायरमधील हवा ४५ अंशांपर्यंत तापली आहे, आणि तिथे बरोबर ३३ भरून घेतली. दुसऱ्या पहाटे ५ अंशांत तोच टायर सुमारे २७ दाखवील. गाडी सहा पीएसआय कमी हवेवर धुक्यात निघाली, आणि टायर मात्र नजरेला नेहमीसारखाच दिसतो. दाबाची सूचना देणारा दिवा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण बऱ्याच गाड्यांत तो हवा बरीच उतरल्यावरच लागतो.

म्हणून क्रम असा :

१. पहाटे किंवा सकाळी लवकर, गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहिल्यानंतर, घरीच मोजा. ज्या थंडीत गाडी चालणार त्याच थंडीत मोजणे सर्वांत खरे.

२. चारही टायरांचे आकडे भरण्यापूर्वी वहीत लिहा. एकच टायर दरवेळी दोन-तीन पीएसआयने मागे असेल तर तिथे गळती आहे. व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा.

३. लेबलवरच्या आकड्यापर्यंत भरा, पुन्हा मोजा, व्हॉल्व्हचे टोपण लावा. टोपण हरवले असेल तर नवे घ्या. थंडीत व्हॉल्व्हमध्ये शिरलेले पाणी गोठले की हवा झिरपू लागते.

४. स्टेपनी भरा. ती इतर चाकांएवढी असेल तर लेबलवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याएवढी भरावी. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागते. आकडा तिच्यावरच लिहिलेला असतो.

५. हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाच्या सकाळी हे पुन्हा करा.

बंद आणि उबदार गॅरेजमध्ये मोजत असाल तर आत-बाहेरच्या तापमानातील दर ५-६ अंशांमागे १ पीएसआय जास्त भरावे. पहाटे ३३ भरलेला टायर दुपारी २५ अंशांत ३६ दाखवील आणि धावल्यावर त्याहून थोडा अधिक. ते स्वाभाविक आहे, लेबलच्या आकड्यात ही वाढ गृहीत धरलेली असते.

*सावधान :* तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नये. प्रवासात तापलेला टायर लेबलपेक्षाही कमी आकडा दाखवत असेल तर तो खरोखरच फार कमी आहे. तेव्हा लेबलच्या आकड्यात ४ मिळवून भरावे आणि दुसऱ्या सकाळी थंड असताना नीट करावे.

घसरड्या रस्त्यावर मुद्दाम हवा कमी ठेवली की पकड वाढते, हा सल्ला अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो आणि त्याने खरोखर नुकसान होते. हवा कमी केल्याने टायर पसरतो हे खरे, आणि वाळूत किंवा रस्ता सोडून खोल, मऊ बर्फात रुतलेली गाडी काढताना त्याचा उपयोगही होतो. डांबरावर मात्र कमी हवेच्या टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटू लागतात, पाणी बाहेर फेकले जात नाही आणि स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळते. पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, हे नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये मांडले. ते सूत्र विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून आलेले आहे, तरी दिशा समजायला पुरेसे आहे : त्यानुसार ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २४ पीएसआयला ताशी ८१ च्या आसपास. उलट, लेबलपेक्षा पुष्कळ जास्त हवा भरली तर टायर मध्ये फुगतो, रस्त्याला कमी टेकतो आणि दवाच्या रस्त्यावर घसरतो. दोन्हीकडची अतिशयोक्ती टाळावी.

नायट्रोजनबद्दल एवढेच की साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि थंडीत दाब घटण्याचा नियम शुद्ध नायट्रोजनलाही तसाच लागू आहे. त्यात साधी हवा मिसळल्याने काही बिघडत नाही, म्हणून नायट्रोजन मिळत नाही या कारणाने कमी हवेवर पुढे जाऊ नये.

टप्पा ५ : निघाल्यावरची पहिली तपासणी

वस्तीबाहेर पडल्यावर, मागे-पुढे कुणी नाही याची खात्री करून, ताशी २०-२५ किलोमीटर वेगात सरळ रस्त्यावर ब्रेक हळूहळू घट्ट दाबून पाहावा. एबीएसची (ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर लगेच जाणवली किंवा गाडी एका बाजूला ओढली गेली, तर रस्ता अपेक्षेपेक्षा घसरडा आहे किंवा एखाद्या टायरची हवा वेगळी आहे. मग थांबून पाहावे. पुढच्या वाहनापासूनचे अंतर किमान दुप्पट ठेवावे, आणि चंबळच्या पुलावर शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा. पुलावर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही शांत ठेवावेत.

स्कूटर आणि मोटारसायकलसाठी वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण सकाळी शाळा-शिकवणीला जाणारी मुले बहुधा त्यांवरच असतात. दुचाकीच्या टायरमध्ये हवेचे आकारमान कमी असल्याने थोडी गळतीही मोठा फरक घडवते. दर आठवड्याला थंड टायर मोजावा आणि मागे कुणी बसणार असेल तर मागच्या टायरसाठी दिलेला वेगळा आकडा वापरावा. मधला पट्टा सपाट झालेला पुढचा टायर दवाच्या रस्त्यावर वळणात अचानक सुटतो. तो आधी बदला, मागचा नंतर.

टप्पा ६ : डोंगरात जाताना

उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून टायरमध्ये काहीही न भरता मापकावरचा आकडा वाढतो. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे आणि शिमला सुमारे २२०० मीटरवर. एवढ्या फरकाने आकडा ३ पीएसआयने वर जातो. थंडी तो खाली खेचते. ग्वाल्हेरला पहाटे ५ अंशांत ३३ भरलेला टायर शिमल्याला उणे १ अंशाच्या सकाळी सुमारे ३५ दाखवील. एक-दोन रात्रींचाच मुक्काम असेल तर त्याला हात लावू नये. आठवडाभर बर्फातच फिरायचे असेल तर तिथल्या थंड सकाळी लेबलच्या आकड्यावर आणावा, पण मग उतरताना काळजी घ्यावी : तिथे ३३ केलेला टायर ग्वाल्हेरच्या पहाटे ३१ च्या खाली येतो. डोंगर उतरल्यावर पहिल्या मुक्कामाच्या सकाळीच हवा पूर्ववत करावी; नाहीतर परतीचा सगळा महामार्ग कमी हवेवर कापला जातो.

साखळ्यांबाबत क्रम चुकला तर त्या असून नसल्यासारख्या. टायरच्या नेमक्या मापाच्याच साखळ्या घ्याव्यात, आणि त्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत त्यांना परवानगी आहे का हे पाहावे, कारण काही गाड्यांत चाक आणि आतल्या भागांमध्ये पुरेशी जागा नसते. घरासमोर, उजेडात, हातमोजे घालून दोनदा बसवून काढाव्यात. साखळ्या ताकद मिळणाऱ्या चाकांना लावतात. पुढून चालणाऱ्या गाडीत पुढे, मागून चालणाऱ्या गाडीत मागे, आणि चारही चाकांना ताकद असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे. गाडी अडकल्यावर नव्हे, तर बर्फ सुरू होण्यापूर्वी सपाट आणि सुरक्षित जागी थांबून त्या लावाव्यात. सुमारे १०० मीटर जाऊन थांबावे आणि पुन्हा ताणून घ्याव्यात, कारण पहिल्या फेऱ्यांत त्या हमखास सैल होतात. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, किंवा खोक्यावर त्याहून कमी लिहिला असेल तर तेवढाच. उघडे डांबर लागताच काढाव्यात. डांबरावर साखळी तुटते आणि तिचे टोक ब्रेकची नळी फाडू शकते.

*सावधान :* साखळी बसत नाही म्हणून टायरमधील हवा कमी करू नये, आणि साखळीऐवजी दोर किंवा पोती गुंडाळून चालवू नये.

*पडताळणी :* पारदर्शक बर्फावर हिवाळी टायरसुद्धा फारसे काही करू शकत नाही, आणि शून्य अंशाच्या आसपास, जेव्हा बर्फावर पाण्याचा थर असतो, तेव्हा तो सर्वांत घसरडा असतो. रात्री ओला रस्ता, समोरच्या गाडीच्या चाकांतून पाणी मात्र उडत नाही, असे दिसले तर तो गोठलेला समजावा. कुफ्रीकडच्या सावलीच्या वळणांवर किंवा अटल बोगद्यापलीकडे, जिथे रस्ता ३००० मीटरहून उंच आहे, हा प्रसंग सकाळी आणि सूर्यास्तानंतर येतो. प्रवास दहा ते तीन या वेळेत बसवावा. हिमवर्षावानंतर पोलिसांनी फक्त चारही चाकांना ताकद असलेल्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडण्याचे ठरवले असेल, तर त्यांच्याशी हुज्जत न घालता मागे फिरावे.

टप्पा ७ : परतल्यानंतर आणि थंडी ओसरताना

डोंगरातून आल्यावर चाके आतून-बाहेरून पाण्याने धुवावीत, कारण बर्फ वितळवण्यासाठी काही ठिकाणी टाकलेले मीठ रिम आणि व्हॉल्व्ह गंजवते. साखळ्याही धुऊन, पूर्ण वाळवून ठेवाव्यात. टायरच्या बाजूंवर खड्ड्याच्या किंवा दगडाच्या माराचा फुगवटा आला नाही ना, हे पाहावे. हिवाळी संच असेल तर तो फेब्रुवारीअखेर उतरवावा, प्रत्येक टायरवर कोणत्या चाकाचा होता ते खडूने लिहावे आणि रिमशिवायचे टायर थंड, अंधाऱ्या खोलीत उभे ठेवावेत. गच्चीवर किंवा जनरेटरजवळ ठेवलेले टायर एका उन्हाळ्यात निकामी होतात.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटेचे तापमान पंधरा अंशांच्या वर स्थिरावले की थंड टायर पुन्हा मोजावा. पहाटे ५ अंशांत भरलेला ३३ आता ३५ च्या आसपास दिसेल. सकाळीच, गाडी हलवण्यापूर्वी, तो लेबलच्या आकड्यावर आणावा आणि वहीत तारीख लिहावी.